चुना न पडलेली खडी

चैत संपत आला होता, पण उन्हाला आत्ताच वैशाखाची धार होती. दिवस कासराभर वर यायच्या आत माळावरून तापलेलं वारं सुटायचं आणि छावणीतल्या गुरांच्या डोळ्यांत फुफाटा भरायचा. नेवाशाच्या कॅनॉलपट्ट्यातून उसाचं वाढं घेऊन येणारा ट्रक काल आला नव्हता. बैल दावणीला उपाशी उभे होते, आणि कानिफनाथ धोतर गुडघ्यापर्यंत खोचून त्यांच्याखालचं शेण पाटीत भरत होता.

त्याला आमदार होऊन वर्ष झालं होतं. त्याआधी तो ऊसतोडीच्या टोळीत कोयता घेऊन जायचा. टोळीतल्या माणसांसाठी कारखान्यावाल्यांशी भांडून भांडून त्याचं नाव झालं आणि तालुक्यानं वर्गणी काढून त्याला मुंबईला धाडला. मुंबईत तो टोपी घालून विधानसभेत बसायचा, गावात आला की शेण भरायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "बैलाला कुठं ठावं हाय, मी निवडून आलोय ते?"

पाटी उचलणार एवढ्यात समोर मनकर्णा येऊन उभी राहिली. शेजारच्या वस्तीवरची, नात्यानं लांबची आत्या. खांद्यावर खडी फोडायचा हातोडा, अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. राम राम नाही, बस-ऊठ नाही.

"आमदार, श्यान खाली ठेव आन् माझ्याकडं बघ."

"बोल आत्या. कामावर न्हाई गेलीस?"

"गेल्ते की. हाकलून दिलं. मला, त्या रेबेकाबाईला, समद्याच म्हाताऱ्यांना. तुज्या कृपेनं!"

कानिफनाथला काही उमगेना. मग मनकर्णानं हातोड्याच्या दांड्यावर टेकून सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याच्या पायाखालचा माळ सरकत गेला.

पंधरवड्यामागं त्यानं विधानसभेत भाषण केलं होतं. पहिल्यांदाच सगळी सभा गप्प बसून ऐकत होती. तो म्हणाला होता, "माझ्या भागात साठी उलटलेल्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडत्यात. कचेरीत बसून म्हातारा झालेल्याला सरकार पेन्शन देतं. मग जल्मभर राबून जिनं रान पिकवलं, रस्ते केले, ती सरकारची कोन लागती? तिला पेन्शन द्या. आन् ती मिळत न्हाई तवर तिचं काम तरी शाबूत ठेवा." मंत्र्यांनी उठून थंडपणे उत्तर दिलं, की दुष्काळी कामावर वृद्धांना घेतलंच जात नाही, सन्माननीय सदस्यांची माहिती चुकीची आहे.

आता ते उत्तर खरं करायचं तर कामावर म्हातारी दिसता कामा नये. वरून हुकूम सुटला. नगरहून तो खाली यायला वेळ लागला एवढंच.

"तू तिकडं बोललास आन् हिकडं आमची चूल इझली," मनकर्णा म्हणाली. "गेल्या हप्त्याची फोडलेली खडी बी मोजीनात. म्हनं, तुमी हितं कदी नव्हताच."

"मी आजच नगरला जातो. साहेबाला भेटतो. न्हाई आयकलं तर पुन्यांदा सभेत सवाल टाकतो."

"नगं रं बाबा!" तिनं दोन्ही हात जोडले. "येकदा बोललास तर काम गेलं. पुन्यांदा बोललास तर गावात ऱ्हाऊ द्यायचे न्हाईत."

दावणीच्या पलीकडं गुरं पाहणारे दोघंतिघं फिदीफिदी हसले. कानिफनाथच्या कानाची पाळी तापली. त्यानं पाटी तिथंच टाकली, हात मातीला पुसले आणि आत्याच्या मागं निघाला.

रस्त्याचं काम गावापासून हाकेच्या अंतरावर चाललं होतं. कडेनं बायाबापडे डोक्यावर फडकी घेऊन दगड फोडत होते; हातोड्यांचा टकटकाट लांबून पावसासारखा वाटायचा. फोडलेल्या खडीचे चौकोनी ढीग रचलेले. ढीग मोजला की कारकून त्याच्यावर चुन्याचं पाणी शिंपडायचा. चुना पडला, की तो ढीग सरकारचा झाला, त्यात कुणी भर घालायची नाही की काढायचं नाही. रस्त्याच्या कडेला पांढरे ढीग ओळीनं होते. शेवटचे काही मात्र काळेच राहिले होते, आणि त्यांच्याजवळ म्हाताऱ्या बसल्या होत्या, आपल्याच घरातल्या मेलेल्या माणसाजवळ बसावं तशा.

बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत ओव्हरसियर आप्पासाहेब खुर्ची टाकून बसले होते. दुष्काळात सगळ्यांनाच काळवंडून टाकणारं ऊन त्यांच्याही मानेवर उतरलं होतं. आमदाराला पाहताच ते उठले.

"या, या. तुम्ही यायच्या आतच मी तोड काढलीय, साहेब. ह्या ढिगांचं माप यांच्या सुनांच्या, लेकींच्या नावावर चढवतो. इथून पुढंही तसंच करू. म्हाताऱ्यांनी फोडावं, नाव तरण्यांचं लागावं. पगार घरात गेल्याशी काम. हुकूमही राहिला, पोटही राहिलं."

म्हाताऱ्यांत हायसं झाल्यासारखी कुजबुज झाली. कानिफनाथनं ते मनात तोलून पाहिलं. तोड वाईट नव्हती. आज सगळ्यांच्या चुली पेटल्या असत्या आणि त्याच्यावरचा बोलही गेला असता. पण मग मंत्री म्हणाले ते कागदोपत्री खरं ठरलं असतं. या रस्त्यावर एकही म्हातारी नाही. आणि जी नाहीच, तिला पेन्शन कसली? त्यानं पुन्हा कधी तोंड उघडलं असतं तर सरकारनं हीच हजेरी काढून त्याच्या पुढ्यात टाकली असती.

एवढं त्याला कळत होतं. पण उपाशी बाईला 'तोड घेऊ नका' असं सांगायला त्याची जीभ रेटेना. तो भरल्या पोटी होता असं नाही, पण आमदारकीचं मानधन त्याला होतं आणि यांना काहीच नव्हतं.

"आयका," तो म्हाताऱ्यांकडं वळून म्हणाला, "माज्या सांगन्यावर जाऊ नका. म्या येकदा तुमचं नुकसान केलंय. साहेबांची तोड घेतली तर आज पैका मिळंल, पर पेन्शनचं मात्र इसरायचं. न्हाई घेतली तर आज काय व्हईल ते मला बी सांगता येत न्हाई. तुमी ठरवा."

"मला सून न्हाई, लेक न्हाई," रेबेकाबाई हळूच म्हणाली. ख्रिस्तीवाड्यातली विधवा बाई, कुणाशी वर नजर करून बोलायची नाही. "माजी खडी कुनाच्या नावावर घालनार?"

"घालू की कुणाच्या तरी!" आप्पासाहेब म्हणाले.

ते 'कुणाच्या तरी' मनकर्णाला झोंबलं. ती उठली, आपल्या काळ्या ढिगावर चढली आणि मांडी घालून बसली.

"कुनाच्या तरी न्हाई. ह्यो दगूड म्या फोडलाय. हे बोट चेचलंय ते माजं हाय, सुनंचं न्हाई. लिवायचं तर मनकर्णा म्हनून लिवा. न्हाईतर असू द्या दगूड हितंच, मी बी हाय हितंच."

रेबेकाबाई उठली. पदर सावरला आणि तीही आपल्या ढिगावर बसली. मग एकेक करून साऱ्याच बसल्या. मघाशी हायसं वाटलेल्या दोघी थोडा वेळ उभ्याच राहिल्या, एकमेकींकडं पाहिलं आणि त्याही बसल्या.

"हा सरकारी कामात अडथळा आहे," आप्पासाहेबांचा आवाज चढला. "पोलीस बोलवावे लागतील. सरकारी माल आहे तो!"

आता मात्र कानिफनाथला सूर सापडला. टोळीच्या वेळी ऊस तोलताना काटा मारणाऱ्या माणसासमोर तो उभा राहायचा तसा तो दोन्ही पाय रोवून उभा राहिला.

"सरकारी? मग चुना कुठं हाय वो?"

आप्पासाहेबांनी काळ्या ढिगांकडं पाहिलं.

"सरकार म्हनतं हितं म्हाताऱ्या नव्हत्याच. बरं, नव्हत्या. मग ही खडी बी झाली नव्हती. जी झालीच न्हाई ती रस्त्यावर कशी पसरता? माप न्हाई, चुना न्हाई, म्हंजी ढीग बायांचा. मालकिनी आपल्या मालावर बसल्यात. बोलवा पोलीस. मी पयल्यांदा त्यांनाच इचारतो, चोरी कोन करतंय?"

टकटकाट थांबला होता. पुढच्या अंगाला कानिफनाथची बायको चांगुणा खडी फोडत होती. आमदारीणबाई म्हणून तिला कुणी चिडवलं की ती हातोडा दाखवायची. तिनं तो हातोडा खाली ठेवला आणि आपल्या ढिगावर जाऊन बसली. तिचं बघून बाकीच्याही उठल्या. बघता बघता सगळा रस्ता ढिगांवर बसलेल्या बायांनी भरला. मागून खडी दाबत येणारा रोलरवाला इंजिन बंद करून बिडी शिलगावून बसला, जणू त्यालाही हेच हवं होतं.

आप्पासाहेब खुर्चीत बसले. घाम पुसून खालच्या आवाजात म्हणाले, "आमदारसाहेब, माझी दोनच वर्षं राहिलीत. यांची नावं लिहिली तर वरचे म्हणतील हुकूम मोडला. पेन्शनीवर गदा येईल माझ्या."

"मघाधरनं आयकतेय, ही पेन्सन म्हंजी काय रं?" ढिगावरून मनकर्णानं विचारलं.

"राबनं सरल्यावर घरी बसून मिळतो, त्यो पगार, आत्या."

"आन् ती गेली तर ह्यांना भ्या वाटतंय?"

"लई वाटतंय."

मनकर्णा आप्पासाहेबांकडं वळली आणि म्हणाली, "मंग भाऊ, आमाला कसं वाटत आसंल?"

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. कानिफनाथ त्यांच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"तुमची पेन्शन खाऊन मला यांची आनायची न्हाई. लिवा तुमच्या अहवालात, की आमदारानं माणसं घेऊन काम अडवलं, रोलर बंद पाडला, म्हनून नाइलाजानं माप घेतलं. खाली माझी सही घ्या. मला तर तसा कागदच पायजे. सभेत मीच त्यो वाचून दाखवीन. आन् येक, वय लिवायचं. खरं."

आप्पासाहेबांनी सुस्कारा टाकला आणि कारकुनाला मापाची फीत आणायला सांगितलं.

"वय काय, बाई?" कारकुनानं विचारलं.

"मला काय ठावं?" मनकर्णा म्हणाली. "पलेगात गाव माळावर गेलं तवा मी मायच्या कडंवर हुते."

"सत्तरच्या वर," कानिफनाथ म्हणाला. "लिवा."

ढिगांची लांबी-रुंदी झाली. कारकून चुन्याची बादली घेऊन आला आणि लाजल्यासारखे चार शिंतोडे उडवून पुढं चालला.

"हिकडं बी टाक!" मनकर्णा ओरडली. "हात आखडू नगंस. सरकारला दुरून दिसलं पायजे."

हसण्याची लाट रस्ताभर गेली. रेबेकाबाईच्या ढिगावर चुना पडला तेव्हा ती हसली नाही. ओल्या दगडावर तळवा ठेवून तिनं तो पांढरा झालेला पाहिला आणि तसाच पदराआड घेतला.

"उद्याचं काय?" कुणीतरी विचारलं. "उद्या हाजरीवर घेनार का?"

"मला अजून वरून..." आप्पासाहेब सुरू झाले.

"उद्या आमी येनार," मनकर्णा म्हणाली. "तुमच्या वरच्याला सांगा, नव्हत्या त्या आल्यात म्हनून."

कानिफनाथला माहीत होतं, हुकूम अजून उठलेला नव्हता. दोन दिवसांत नगरहून जीप येणार, जाब विचारला जाणार. मुंबईत सभेत आरडाओरडा होणार, कुणी त्याला खाली बसा म्हणणार. तो बसणार नव्हता. आता त्याच्याजवळ सरकारच्याच फितीनं मोजलेल्या, सरकारच्याच चुन्यानं पांढऱ्या केलेल्या म्हाताऱ्या होत्या.

टकटकाट पुन्हा सुरू झाला. चांगुणा हातोडा उचलता उचलता म्हणाली, "अवं, भाषान झालं आसंल तर घरला जावा. रेशनच्या मिलो जोंधळ्याची पिशवी दाराआड हाय, दळन आना. पीठ सरलंय. आन् गिरणीवाल्याला म्हनावं बारीक दळ, मागल्या येळंला भाकरी थापताना तुकडं पडत हुतं."

"आन् मशीन बंद आसंल तर?"

"तर बसा तितं चालू हुईस्तवर."

कानिफनाथनं डोक्यावरचा रुमाल झटकून पुन्हा बांधला आणि गावाची वाट धरली. गिरणीपुढं बायांची रांग लागली होती. त्यानं पिशवी शेवटी ठेवली आणि तिच्या मागं उभा राहिला.