समोरून पारखलेलं रबर

बारामतीच्या बाजारात चपलांची दुकानं पुष्कळ आहेत, पण माडीवरून दिवसभर टकटक ऐकू येते असं दुकान एकच. खाली आफताब तांबोळी गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल चढवून बघत असतो आणि वर त्याची बायको साजिया टेबल टेनिसच्या बॅटीवर रबर चढवत असते. सगळा तालुका तिला भाभी म्हणतो. तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही भाभीच म्हणतात.

बॅट म्हणजे मुळात लाकडाची फळी. तिच्या एका अंगाला काळं रबर चिकटवायचं, दुसऱ्या अंगाला लाल. चेंडू पळवायचा, फिरवायचा की नुसता थोपवायचा, ते बरंचसं या रबरावर ठरतं. कुणाचं रबर घट्ट, कुणाचं मऊ, कुणाचं इतकं चिकट की चेंडू टेकवून बॅट उचलली तर तो क्षणभर लोंबकळत राहावा. शाळा-कॉलेजात असताना साजिया स्वतः खेळायची. लग्न होऊन या घरात आली ती बॅट घेऊनच. सासऱ्यांनी चामडं कापायची कात्री तिच्या हातात दिली, आणि त्याच कात्रीनं ती पुढं रबरं कापायला लागली. फळीच्या कडेकडेनं तिची कात्री एकदा निघाली की परत फिरूनच थांबते. मधे कुठं दात दिसत नाही.

पण तिची खरी करामत कापण्यात नाही, पारखण्यात आहे. नवं रबर आलं की ती अंगठ्यानं दाबून बघते, तळहात ओला करून त्यावरून फिरवते, कानाशी नेऊन त्यावर चेंडू आपटते. एवढं तर कुणीही शिकेल. भाभीची रीत पुढं सुरू होते. रबर कोणत्या कंपनीचं, ते ती खेळणाऱ्याला सांगत नाही. तीन-चार बॅटी टेबलावर मांडते, एक एक घेऊन मारायला लावते आणि स्वतः समोरच्या बाजूला उभी राहते. "मारणाऱ्याला आपलं सगळंच गोड लागतं," ती म्हणते. "रबर कसं हाय ते समोरच्याच्या हाताला कळतं."

आणि रबर कुठं वापरणार, हेही ती विचारून घेते. सोमेश्वरनगरची पोरं आली तर चिकट रबर ती दाखवतसुद्धा नाही. हंगामात साखर कारखान्याची काजळी खिडकीतून आत येते, चिकट रबर ती टिपून घेतं आणि दुपारपर्यंत आंधळं होतं, चेंडूला धरतच नाही. ऊस लावताना आपण रान बघतो, तसं ती रबर देताना गाव बघते.

आमच्या पणदऱ्याची स्वप्नाली तिच्याकडं पहिल्यांदा गेली ती वडलांबरोबर. वडील मल्हार. आजोबा गेणूआबा. एका काळी आबांच्या घरी मेंढरांचा कळप होता. आता ऊस आहे आणि गाई आहेत. पोरीचा दंड भारी. गोफणीचा हात आजोबांकडून आलाय, असं गाव म्हणायचं. तिनं माडीवर चेंडू मारले, समोर भाभी घेत होती, आणि एका बॅटीचे फटके असे आले की भाभी मागच्या भिंतीला टेकली. तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. तिनं तेच रबर स्वप्नालीच्या फळीवर चढवलं. वेगाचं, खाली घट्ट स्पंज असलेलं.

त्या रबरावर पोर वर्षभर खेळली आणि जिल्ह्याच्या संघाच्या दारापर्यंत पोचली. संघात एकच जागा उरली होती. ती कुणाला, हे इंदापूरच्या एका सामन्यावर ठरणार होतं. समोर पुण्याची राजेश्वरी. शहरात शिकलेली, हात बसलेला. स्वप्नालीचं शाळेतलं शेवटचं वर्ष. ही जागा गेली तर पुढं पुन्हा दार उघडेल याची खात्री नव्हती. घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. भाभी दुकान आफताबवर सोपवून इंदापूरला आली. गेणूआबाही आले, धुतलेलं धोतर नेसून.

सामना दुपारी होता. हॉलमध्ये सरावाला उभी राहून स्वप्नालीनं पहिला फटका मारला तो जाळीत. दुसराही जाळीत. तिसऱ्याला चेंडू रबरावरून असा घसरला, जसा शेवाळावरून पाय. भाभीनं बॅट हातात घेतली. बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. करडईचं तेल.

तिनं मान वर करून बघितलं तर आबा कौतुकानं हसत होते.

"म्या लावलं," ते म्हणाले. "मोठ्या कामाला निघालेली काठी कोरडी न्हेत्यात व्हय? पाटं उठून चांगलं चोळून चोळून जिरवलंय."

त्यांचं काय चुकलं? जत्रेला निघताना काठीला तेल पाजायचं, हे त्यांच्या घरात बापजाद्यापासून चालत आलेलं. नातीच्या हातातलं हत्यार ते तसंच कसं पाठवणार? पण रबरात मुरलेलं तेल निघत नाही. स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मल्हार टॉवेलानं बॅट पुसायला लागला, तसतशी ती जास्तच चकाकायला लागली.

भाभी आपली बॅट घेऊन समोर जाऊन उभी राहिली आणि पोरीला म्हणाली, हळू मार. आता गंमत अशी झाली की तेलकट रबरावरून चेंडूला फिरकीच मिळेना. तो यायचा मेल्यासारखा, आणि टप्पा पडला की भलतीकडंच बसायचा. भाभीच्या हातून दोन-तीन चेंडू सुटले. मल्हारनं ते टिपलं.

"भाभी, तुमालाच घ्याला यीना," तो जवळ येऊन हळूच म्हणाला. "मग त्या पुण्याच्या पोरीला काय यील? खेळू द्या की असंच. कोण वास घ्याला बसलंय?"

स्वप्नालीनंही विचारलं, खेळू का? आवाज अगदी बारीक, पण विचारलं.

"रबराला कायबी लावायचं न्हाय, असा नियम हाय, मल्हारभाऊ," भाभी म्हणाली. "पंचांना न्हाय कळणार कदाचित. मला कळलंय ना. आन् रबर माझ्या दुकानातलं हाय."

मल्हारनं मान खाली घातली. भाभीनं स्वतःची बॅट बघितली. तिची मूठ जाड होती, पोरीच्या हातात बसणारी नव्हती, म्हणून बॅट तशीच देऊन चालणार नव्हतं. मग तिनं आपल्या बॅटीची दोन्ही रबरं कडेपासून हलक्या हातानं सोलून काढली, जशी आपण शेंगेची साल काढतो. स्वप्नालीच्या फळीवरची तेलकट रबरंही सोलली, मूठ कोरडी पुसली. पांढरा डिंक पातळ पसरला आणि वाळायला पंख्याखाली धरला. आपली रबरं तिच्यावर बसवली, कडेनं कात्री फिरली. मग ती आबांकडं वळली. आबा एव्हाना सगळं उमजून खांबाला टेकून बसले होते. कुणाकडं बघत नव्हते.

"आबा, इकडं या. दाबून धरा. दोनी हातानं, हलवू नका."

आबा उठले. मेंढरं धरलेले ते हात त्यांनी बॅटीवर ठेवले आणि सामन्याचा पुकारा जवळ येईपर्यंत असे गच्च धरले की कपाळावर घाम आला.

भाभीची रबरं जुनी, मऊ, सावकाश चालणारी. दुकानात कुणालाच न पटलेली रबरं ती स्वतःच्या बॅटीला लावायची. स्वप्नालीनं चार चेंडू मारले आणि तोंड पाडलं. "भाभी, पळतच न्हाय ओ चेंडू."

भाभी आपली उघडी फळी घेऊनच समोर उभी होती. तिनं अजून मारायला लावले. चेंडू पळत नव्हता खरा, पण पोरीचा दांडगा हात त्याला असा पीळ देत होता की तो टेबलावर उतरून उसळी घ्यायचा आणि भाभीच्या फळीच्या कडेला लागायचा. भाभीला पायच टेकवता येईनात. तिनं चेंडू हातात धरला.

"मी चुकले गं," ती म्हणाली. "वेगाचं रबर मला आवडतं, म्हणून तुला दिलं. जोर तुझ्या हातात हाय, रबरात कशाला पायजे? आज नुसतं पिळून मार. घाई करू नको."

तिची विद्या सगळा तालुका मानतो, पण मला ती त्या वाक्यासाठी मोठी वाटते. इतक्या माणसांत, ऐन वेळी, आपल्याच पारखीवर असं बोट ठेवायला छाती लागते.

पहिला गेम स्वप्नाली हरली. हात नव्या रबराला शोधत होता. दुसऱ्यात सापडलं. राजेश्वरीचा प्रत्येक फटका विजेसारखा यायचा आणि परत जाताना आळसावून, अंग मुरडत जायचा. पुण्याची पोर गुणी होती, तिनंही तोड काढली, आणि शेवटचा गेम बरोबरीत येऊन अडला. मल्हार बाहेर निघून गेला. आबा हात मांडीखाली दाबून बसले. स्वप्नालीनं घाई केली नाही. चेंडू पिळून सोडला, तो टेबलाच्या काठाजवळ उतरून वर उसळला, राजेश्वरीच्या बॅटीला लागून छताकडं गेला. पुन्हा एकदा तसंच. जागा पणदऱ्याला मिळाली.

राजेश्वरीनं हात मिळवताना बॅट मागून घेतली आणि रबरावर अंगठा फिरवून बघितला. भाभी ते बघून हसली.

आबा भाभीसमोर येऊन उभे राहिले. तिनं त्यांना पाण्याची बाटली दिली. स्वप्नाली धावत आली आणि रबरं सोलून परत द्यायला निघाली. भाभीनं तिचा हात धरला. म्हणाली, राहू दे, झिजेपर्यंत खेळ.

"मग तुमी कशानं खेळणार?"

भाभीनं आपली फळी बघितली. दोन्ही अंगांनी उघडी, डिंकाच्या पापुद्र्यांची.

"आता मलाबी एक रबर बघायचंय," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कधी पारखलंच न्हाय. सोमवारी माडीवर ये. मी मारते, तू समोर उभी राहा."