मामा आणि तापलेली गाडी

आमचे मामा ट्रक सपाट जागेवर कधी उभा करत नसत. राळेगावाभोवतीचे सगळे उतार त्यांना पाठ होते. फुलसावंगीच्या एका लग्नात त्यांनी गाडी मांडवापासून इतकी लांब, चढावर नेऊन लावली की अख्खं वऱ्हाड उन्हातून पायपीट करत पोचलं. मामी रुसल्या. मामांनी शांतपणे विचारलं, परत घरी जायचं आहे की नाही?

कारण तो जुना डिझेल ट्रक सकाळी हात लावताच सुरू व्हायचा; पण तापल्यावर बंद केला, की पुन्हा सुरू व्हायचं नाव घेत नसे. सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन ढिम्म. मग उतारावरून सोडायचा, नाहीतर गाडी निवेपर्यंत कडुलिंबाखाली बसून राहायचं. जिनिंगमध्ये कापूस उतरवताना मामा इंजिन बंदच करत नसत, आणि धुराने खोकणारे हमाल त्यांच्या नावाने खडे फोडत.

शेवटी त्यांच्या मुलाने, विलासने, जाहीर केलं की हंगामाच्या आत गाडी सुधारली नाही तर ती भंगारात द्यायची. भंगारवाला येऊन टायर दाबून गेला. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मला खरोखर धास्ती वाटली, कारण नुसते घरात बसलेले मामा मी कधी पाहिलेच नव्हते.

मामांची एक खोड होती. माणूस चिडला की आपण म्हणतो, जरा शांत होऊ द्या, मग बोलू. मामा मात्र चिडलेल्या माणसापाशीच जाऊन बसत. थंड झाल्यावर माणूस खरं सांगत नाही, असं त्यांचं मत. विलास गाडीच्या नावाने ओरडत होता तेव्हा ते त्याच्या शेजारी ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "तुले भेव कायचं वाटून राह्यलं, ते सांग."

विलास म्हणाला, "तुमी भर उन्हात रस्त्यावर अडकता न बाबा. फोन लागत नाही. माह्या घशाखाली घास उतरत नाही."

त्या दिवसापासून बापलेक मिळून गाडीच्या मागे लागले. गावात प्रत्येकापाशी औषध होतं. कुणी बॅटरी बदला म्हणे, कुणी सेल्फ. मामींनी लिंबू-मिरची बांधली. मामा म्हणत, "एका वेळी एकच गोष्ट बदलावं. दोन बदलल्या तं गुण कोनाचा, कसं समजन?" त्यामुळे लिंबालाही त्याची स्वतंत्र संधी मिळाली, आणि ते नापास झालं.

मिस्त्री यायचे ते सकाळच्या गारव्यात. गाडी लगेच सुरू होई आणि मिस्त्री म्हणत, हिला काय धाड भरली आहे? मामा म्हणायचे, "सकाळी तं ते शहाणीच रायते. दुपारी या, मंग दाखवतो."

एक मिस्त्री खरंच दुपारी आला. विलास गाडी दूरवर फिरवून, चांगली तापवून घेऊन आला. बंद केली, अडली. मिस्त्रीने डिझेलच्या वाटेत पारदर्शक नळी जोडून पाहिली, पण हवेचा बुडबुडा दिसेना. मग त्याने ओलं फडकं मागितलं. मामांनी खांद्यावरचा पांढराशुभ्र दुपट्टाच भिजवून इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर ठेवला, मामींच्या डोळ्यांदेखत. पंप निवल्यावर विलासने चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. पंप झिजला होता. तापून पातळ झालेलं डिझेल त्यातून निसटायचं आणि पुरेसा दाब तयार होत नसे. पंप यवतमाळहून दुरुस्त करून आणला. दुपट्ट्याचे डाग मात्र गेले नाहीत.

हंगामाच्या पहिल्या खेपेला मामांनी जिनिंगच्या आवारात भर दुपारी इंजिन बंद केलं आणि चावी विलासच्या हातात दिली. गाडी लगेच सुरू झाली. मामा दुसऱ्या बाजूने चढून बसले, आणि पुढे ती त्यांची जागाच झाली. दोघं दिवसभर सोबत असत, भांडत आणि डबा वाटून खात.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. तेराव्यानंतर भंगारवाला पुन्हा दारात आला; म्हातारा गेला, आता तरी द्या म्हणाला. विलास नुकताच खेप टाकून आला होता, इंजिन तापलेलं होतं. त्याने गाडीत चढून चावी फिरवली. सुरू झालेल्या इंजिनच्या आवाजात भंगारवाला आणखी काय म्हणाला, ते कुणालाच ऐकू आलं नाही. मामी दारात उभ्या होत्या. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.