एका नारळाचं काम

मोहाडीत कॉन्व्हेंट निघालं तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून तिसरी पास झाले होते. वडिलांनी मला तिथून काढलं आणि कॉन्व्हेंटच्या पहिलीत बसवलं. माणसाला पुढे जायचं असेल तर थोडं मागे यावं लागतं, असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. मागे मी येत होते, ऐकवत ते होते. पहिलीत माझ्या शेजारी नाक पुसता न येणारी पोरं बसायची आणि मी त्यांच्यात अंगानं डोकंभर उंच दिसायची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. धान्याचं दुकान असलेले माझे वडील, एक कापडवाले, तहसील कचेरीतले एक बाबू आणि एक डॉक्टर, अशा चार बापांनी मिळून ती शाळा काढली. बंद पडलेल्या पोह्याच्या गिरणीचं गोदाम झाडून घेतलं आणि दारावर इंग्रजी पाटी लावली. पाटीवर काय लिहिलं आहे ते चौघांपैकी डॉक्टरांनाच नीट वाचता येत होतं. अध्यक्ष मात्र माझे वडील झाले, कारण गोदाम त्यांच्या ओळखीनं मिळालं होतं. शिकवायला बँकेत बदलून आलेल्या साहेबांची नागपूरची बायको मिळाली. तिला सगळे मॅडम म्हणत.

पहिल्याच पालकसभेत मॅडमनी सांगितलं, की भाषा पुस्तकातून येत नाही, कानातून येते. मूल दिवसभर जे ऐकेल तेच बोलेल. शाळेत चार तास इंग्रजी आणि घरी वीस तास मराठी, असं झालं तर काही उपयोग नाही. कापडवाल्यांनी भीत भीत विचारलं, "पन मॅडम, आमच्या घरी कोनालेच येत नाही तं?"

"मग निदान मुलांसमोर मराठी बोलू नका," मॅडम म्हणाल्या.

हे त्या सहज बोलून गेल्या असाव्यात. त्यांचा स्वतःचा मुलगा मधल्या सुट्टीत आमच्याशी मराठीत भांडायचा आणि मराठीत शिव्या द्यायचा. पण आमच्या बापांना ते वाक्य मंत्रासारखं लागलं. इंग्रजी शिकणं कठीण होतं, गप्प बसणं सोपं होतं. त्यातही स्वतः गप्प बसण्यापेक्षा बायकोला गप्प बसवणं आणखी सोपं, आणि त्याची सवय तर आधीपासूनच होती.

आमच्याकडे शब्द दिला म्हणजे शब्द दिला, असं कोणी मानत नाही. देवीसमोर दिला तरच तो खरा. म्हणून चौघं जण एका मंगळवारी आपापल्या बायका-पोरांना घेऊन गावाबाहेरच्या देवीच्या देवळात गेले. शपथ आयांनी घ्यायची ठरलं, कारण घरात दिवसभर त्याच असतात. प्रत्येक आईनं आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. लेकराच्या तोंडावर मराठी बोलणार नाही आणि लेकराला घरात मराठी बोलू देणार नाही, असं वडील पुढे म्हणत गेले आणि बायका मागून म्हणत गेल्या. मग वडिलांनी नारळ फोडला. माझ्या डोक्यावर आईचा हात होता, एवढं मला आठवतं.

माझी आई कोंढा गावची. कोंढ्याहून मोहाडीला येताना तिनं दुसरं काही आणलं नसेल, पण तोंड आणलं होतं. रोवण्याच्या दिवसांत ती धानाच्या बांधीत उतरली की बाकीच्या बाया तिच्याजवळची ओळ धरायला धडपडत, कारण धानाची रोपं लावता लावता ती अख्ख्या गावाची हजेरी घ्यायची. कोणाची सासू कशी चालते, कोण जावई जेवताना कसा लाजतो, सगळं नकलेसकट. आणि रडावं तर तिनंच. लेक सासरी निघाली की आमच्याकडे बाया शब्द लावून, सूर धरून रडतात. माझ्या मावसबहिणीच्या पाठवणीला आई जे रडली ते ऐकून नवरदेवाकडच्या माणसांनीही डोळ्यांना रुमाल लावले होते. पोरीच्या जन्मापासूनचं सगळं तिनं त्या रडण्यात सांगितलं होतं. परतताना बैलबंडीत मी तिला विचारलं होतं, "माय, माह्या बिदाईले पन अशीच रडशीन का वो?"

"तुह्या बिदाईले तं बोडीतलं पानी वर येईन, पाहाजो," आई म्हणाली होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं.

अशी बाई आमच्या घरात मुकी झाली.

बाकीच्या तिघींनी आठवडाही काढला नाही. देवीची ओटी भरली, नाक घासलं आणि बोलायला लागल्या. कापडवाल्यांची बायको आईला हसून म्हणाली होती, "तू तं लयच खरी समजली वो बाई." आईला ते जमण्यासारखं नव्हतं. माझ्याआधी तिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ ती ओटीच्या खणानं कशी मोडणार? ज्यानं बांधली त्यानंच सोडावी, अशी आमच्याकडची रीत. वडिलांनी देवळात जाऊन एक नारळ फोडला असता, "माय, आमची शपथ सुटली" असं देवीला म्हटलं असतं, की झालं. आईनं त्यांना ते सांगितलंही. मी अंगणात आहे असं समजून ती बोलत होती.

"अध्यक्षाच्याच बायकोनं शपथ मोडली तं लोक काय म्हनतीन?" वडील म्हणाले. "मॅडमले तोंड कसं दाखवू मी? पोरीच्या भल्यासाठी थोडं चूप राहाता येत नाही तुले?"

आणि हेच वडील दुकानात माझ्याशी खुशाल मराठीत बोलायचे. दुकानात शपथ नव्हती.

वडिलांनी आईला चार इंग्रजी शब्द शिकवले. कम, ईट, स्लीप, गो. तिनं ते पाठ केले आणि त्यातच मला वाढवलं. तोवर आमच्या गावात इंग्रजीत बोलायचे ते फक्त तहसीलदारसाहेब, तेही त्यांच्या कुत्र्याशी, आणि त्यांचेही शब्द साधारण हेच होते. शाळेतून आले की आई म्हणायची, "कम." ताट वाढून म्हणायची, "ईट." भाजी कशी झाली, हे तिला विचारता यायचं नाही आणि मला सांगता यायचं नाही. मी विसरून मराठीत काही बोलले की ती घाबरून ओठांवर बोट ठेवायची. रागानं नाही, भीतीनं. त्या भीतीची मला चीड यायची. आज चीड येते ती दुसऱ्या माणसाची.

पण बोलल्याशिवाय ती जगणार कशी? तिनं वाट काढली. शपथ लेकराच्या तोंडावर न बोलण्याची होती. म्हणून ती माझ्याकडे पाठ करायची आणि गोठ्यातल्या गाईशी बोलायची. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आज कोंढ्यावरून निरोप आला वो माय, आजाची तब्येत बरी नाही." गाय रवंथ करायची आणि आजोबा आजारी असल्याचं मला कळायचं. शाळेत मी गाईवर इंग्रजीत दहा ओळी पाठ केल्या होत्या. गाय उपयुक्त प्राणी आहे, तिला चार पाय आणि दोन शिंगं असतात. मॅडमनी त्या ओळी पालकसभेत माझ्याकडून म्हणवून घेतल्या आणि वडिलांची छाती फुगली. आई मागच्या सतरंजीवर बसली होती. मी तिच्या गाईबद्दल बोलतेय, हेसुद्धा तिला कळलं नाही.

चौथीत असताना मी मोठी झाले. वर्गातल्या बाकीच्या पोरी अजून भातुकली खेळत होत्या. मला वाटलं, आतून काहीतरी फाटलं आहे आणि आता मी मरणार. मी घरी पळत आले. आईनं माझा फ्रॉक पाहिला, तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग ती म्हणाली, "कम."

तिनं मला गोठ्याजवळच्या पडवीत नेलं. आमच्याकडे अशा वेळी बाहेरच बसवत. जुन्या लुगड्याच्या घड्या माझ्यासमोर ठेवल्या, हातानं खुणा करून दाखवलं आणि पाठ फिरवून गाईजवळ गेली. गाईच्या मानेवर हात ठेवून बोलू लागली.

"भेवाचं काही नाही बाई. सप्पा बायायले होते हे. मरत नाही कोनी. चार दिवस इथंच बसजो, मंग आंग धुऊन घरात येजो. आता मोठी झाली तू."

किती दिवसांनी ती माझ्याशी एवढं बोलत होती, आणि मला तिची पाठ दिसत होती. मला एकच विचारायचं होतं. मी म्हटलं, "माय, हे अखीन होईन का वो?"

ती गर्रकन वळली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी इंग्रजीत विचारलं. मॅडमनी शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीत, एकही चूक न करता. "मम्मी, विल इट हॅपन अगेन?"

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं गाईकडे पाहिलं, जणू तिला तरी कळलं असेल. मग पदर तोंडात धरून आत निघून गेली. पुढच्या महिन्यात मला उत्तर आपोआप मिळालं.

त्याच वर्षी बँकेच्या साहेबांची बदली झाली आणि मॅडम गेल्या. दुसरं कोणी इंग्रजी शिकवायला येईना. बापांची आपसात भांडणं लागली, गोदामाला कुलूप लागलं आणि पाटी कोणीतरी चुलीत घातली. मला मराठी शाळेच्या पाचवीत बसवलं, जिथं माझ्याबरोबरीच्या मुली कधीच्याच पुढे गेल्या होत्या. चार बापांच्या हौसेतून चार इंग्रजी शब्द आईकडे राहिले आणि गाईवरच्या दहा ओळी माझ्याकडे.

तेव्हा तरी नारळ फोडायचा ना. आई पुन्हा वडिलांना म्हणाली, "आता तं शाळा बी नाही. जाऊन या देवळात."

"शाळाच नाही तं शपथ कायची?" वडील खेकसले. "बोल ना, कोन अडवून राहिलं तुले? त्या देवळाचं अन् शाळेचं नाव काढू नोको माह्यासमोर." शाळा बुडाल्याचं त्यांना गावात तोंड लपवण्याइतकं लागलं होतं. देवळात जाऊन नारळ फोडणं म्हणजे हरलो, असं चार लोकांत कबूल करणं. ते त्यांच्यानं झालं नाही. बाजारच्या दिवशी देवळाच्या वाटेवरून ते आयुष्यभर गेले, आणि वाटेतच नारळाचं दुकान होतं.

एकदा मीच नारळ घेऊन निघाले. आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला, शिंक्यावर ठेवला आणि पाठ करून गाईला सांगितलं, "ज्यानं बांधली त्यानंच सोडावं लागते वो माय. नाहीतं उलटते." तो नारळ आतल्या आत सुकला.

पुढे ती गाय मेली. नवी घेतली नाही. मग आई भिंतीशी, चुलीशी थोडं बोलायची, आणि हळूहळू तेही कमी झालं. बोलणं हे बांधीसारखं असतं, पेरलं नाही की गवत माजतं. मी बारावी झाले तोवर माझ्यात आणि तिच्यात सांगण्यासारखं किती साठलं होतं आणि त्यातलं काही कोणाच्या कामी आलं नाही. मी मोठी होऊनही तिला म्हणू शकले नाही, की मरू दे मला, पण बोल. म्हटलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

ऐंशीचं दशक सरताना माझं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी कोंढ्याच्या बाया मुद्दाम पुढे येऊन उभ्या राहिल्या. आता ही रडेल आणि आपण रडू, अशी त्यांची तयारी होती. मी आईच्या गळ्यात पडले. एक म्हातारी म्हणाली, "बोल ना वो, लेक चालली तुही. बोल काही." आईनं तोंड उघडलं. घशातून नुसता सूर निघाला, त्याला शब्द लागेना. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "गो."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मागून कोणीतरी खुदकन हसलं, "अवो, हे तं इंग्रजीत रडते!" आणि रडायला आलेल्या बाया पदराआड हसू लागल्या. मांडवात माझे वडील व्याह्यांना सांगत होते, "पोरगी कॉन्व्हेंटची आहे आमची. घरात इंग्लिशच चालत होती. तिच्या मायलेही येते."

मला जीपमध्ये बसवलं. जीप हलली तेव्हा मी मागच्या पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि जीव खाऊन हाक मारली, "माय!"

आई अंगणाच्या मध्यावर उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.