परीक्षा नसताना वाचणारी बाई

लातुरात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, राहायला कुठं, आणि दुसरा, पोरं कोणत्या क्लासला. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. ती क्लासला जात नाही आणि शाळेतही जात नाही, घरीच शिकते, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी तिच्याकडं बघतो, मग माझ्याकडं, आणि आवाज खाली करून विचारतो, "काही प्रॉब्लेम आहे का?" नांदेडहून माझ्या आईनं तर फोनवर सरळच विचारलं होतं, "बिमार हाय का गं पोरगी?"

बिमार नाही. धडधाकट आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझं डोकं खाते. पण शाळेत होती तेव्हा चाचणीच्या दिवशी सकाळी न चुकता ओकायची आणि नखं रक्त येईपर्यंत खायची. एक वर्ष समजावलं, दोन वर्षं समजावलं, मग काढली. एवढी साधी गोष्ट आहे. पण सगळा मराठवाडा ज्या गावात पोरं घेऊन शिकायला येतो, त्या गावात राहून पोरगी शाळेतून काढायची म्हणजे लोकांना पचत नाही. त्यात माझा नवरा क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. हलवायाच्या घरी साखर बंद, असं शेजारच्या वहिनी माझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या.

तर यंदाच्या पाडव्याला मी मुलीला भाषण देत होते. वाचनासारखं सुख नाही, मार्कांसाठी नाही वाचायचं, आपल्या मनासाठी वाचायचं, वगैरे. ती गाठीतली साखरेची पदकं तोडून खात होती. खाता खाता म्हणाली, "तू कुठं वाचतेस पण?"

"म्हणजे काय? वाचते की."

"मोबाइल वाचतेस. पुस्तक वाचताना मी तुला कधीच बघितलं नाही."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पोरीनं पदक तोंडात टाकलं आणि निघून गेली. मी मात्र तिथंच बसले, कारण ती खरं बोलली होती. लग्नाआधी नांदेडला मी वाचनालयातली बाई कंटाळेपर्यंत पुस्तकं बदलायची. तिच्या जन्मानंतर मी जे काही वाचलं ते तिला शिकवायला वाचलं. कितीही ताण दिला तरी त्यानंतर स्वतःसाठी वाचलेलं एकही पुस्तक आठवेना.

त्याच दिवशी ठरवलं. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत सहा पुस्तकं. अभ्यासाची नाहीत, मुलं कशी वाढवावीत असली शहाणपणाची तर मुळीच नाहीत. कथा, कादंबऱ्या, एखादं प्रवासाचं. अर्धं टाकायचं नाही. वरवर बघितलं तर हा उन्हाळ्यातला एक चाळा होता. पण माझ्यासाठी नव्हता. परीक्षा नसताना मला स्वतःलाच वाचता येत नसेल, तर पोरीला शाळेतून काढायचं कारणच उरत नव्हतं. मग मी एवढी वर्षं सगळ्यांशी भांडले ते कशाच्या जोरावर?

पहिलं पुस्तक हातात घेतलं आणि कळलं की या घरात बाई पुस्तक घेऊन बसली की ती रिकामी असते. भाकरी थापताना कुणी हाक मारत नाही, पुस्तक उघडलं की सगळ्यांना आठवण येते. नळ आला. आमच्याकडं नळ येतो तेव्हा माणसानं मरायचंसुद्धा थांबवून पिंपं भरावीत, इतक्या दिवसांनी येतो. पिंपं भरून बसले तर सिलिंडरवाला. तो गेला तर मुलीला अपूर्णांक अडले. ते सोडवले तर वहिनी दारात. गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या, हात कमी पडत होते.

"वहिनी, मी वाचून राहिले जरा."

"हाव, दिसलं की. नुसत्याच बसल्या आहात म्हणूनच आले."

नुसत्याच. गेले गच्चीवर आणि उन्हात सोऱ्या फिरवत बसले. चैत्र निम्मा सरला तरी पहिल्याच पुस्तकातली नायिका अजून माहेरीच होती, तिचं लग्न काही लागेना. मुलगी रोज येऊन खूण कुठवर आली ते बघायची आणि काही न बोलता जायची. तिचं ते न बोलणं मला जास्त झोंबायचं. एकदा तर मी ताटावरून उठले, म्हटलं मला बेजार केलंय तुम्ही सगळ्यांनी मिळून, मला एक पान सुखानं वाचू देत नाही या घरात.

नवऱ्यानं शांतपणे वरणात लिंबू पिळलं. म्हणाला, "दुपारी दोन बॅचच्या मधे मी घरीच असतो. तिचं गणित मी बघतो. तू कोपऱ्यावरच्या अभ्यासिकेत जाऊन बस."

अभ्यासिका म्हणजे लातुरात गल्लोगल्ली असतात तशी. एक हॉल, त्याला लाकडी फळ्या मारून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा आणि एक घामाघूम पोरगा. दारात बसलेल्या मालकानं विचारलं, "कशाची तयारी, ताई?"

"कशाची नाही. मला वाचायचंय फक्त."

"ते झालंच. पण कशासाठी?"

"असंच. पुस्तकं वाचायचीत."

त्यानं माझ्याकडं बघून समजूतदार मान हलवली. "असू द्या, ताई. इथं कुणी कुणाला विचारत नसतं." आत्ता यानंच विचारलं होतं.

पण जागा छान होती. कूलरची घरघर सोडली तर आवाज नाही, आणि कुणाचाच नळ येत नव्हता. त्या नायिकेचं लग्न पहिल्याच दिवशी लागलं आणि तिसऱ्या दिवशी मोडलंसुद्धा. शेजारच्या कप्प्यातली एक मुलगी माझ्या पुस्तकाच्या कव्हरकडं चोरून बघायची. एकदा धीर करून म्हणाली, "मॅडम, हे सिलॅबसमधे आहे का?" मी नाही म्हटलं तर तिचा चेहराच पडला. तिला वाटलं, मी लपवतेय.

आणि इथून पुढं माझ्या हातात काही राहिलं नाही. हे गाव ज्याला माहीत आहे त्याला हेही माहीत आहे की इथं परीक्षेची तयारी करणारा माणूस ते कधीच कबूल करत नाही. नजर लागते म्हणून म्हणा, नापास झालो तर हसं नको म्हणून म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलं की म्हणायचं, छे, काही नाही, असंच वाचतोय. त्यामुळं खरोखरच असंच वाचणाऱ्या माणसाला तोंडच उरत नाही.

वहिनींनी मला अभ्यासिकेतून बाहेर पडताना बघितलं. संध्याकाळी वाटीभर चिवडा घेऊन आल्या. "बोलला नाहीत आम्हाला. साहेब व्हायचा विचार आहे."

"नाही हो वहिनी, गोष्टीची पुस्तकं वाचते मी तिथं."

"आमचा भाचा पण असंच म्हणायचा. आज तलाठी आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुस्तक नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, मराठीचा पण पेपर असतोच की. आता यावर कपाळ बडवून घ्यायचं नाही तर काय करायचं?

त्याच आठवड्यात हदगावहून आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, दर उन्हाळ्यात महिना-दीड महिना आमच्याकडं असतात. बाई मनानं वाईट नाही, पण नात शाळेत जात नाही हे त्यांना लई लागलेलं. भावकीत विचारतात तेव्हा त्या, नात पाचवीत आहे, असं ठोकून देतात. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत वहिनींनी बातमी पोचवली. आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"आत्याबाई, असलं काही नाही," मी म्हटलं.

"न्हाई बाई न्हाई. मी कशाला कुनाला सांगू?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं.

मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी सांगा तुमच्या आईला. त्यानं सांगितलंही. त्यावर त्या म्हणाल्या, बायकोचं गुपित संबाळतो, गुनाचा हाय.

आणि मग, काय सांगू, घर पालटलं. सकाळी माझ्या उशाशी भिजवलेले बदाम. मी पुस्तक घेऊन बसले की टीव्हीचा आवाज बंद. नळ आला तर आत्याबाई पदर खोचून स्वतः पिंपं भरायच्या आणि मी उठले तर ओरडायच्या. दारात कुणी आलं की बाहेरच्या बाहेर, "ती वाचून राहिली, मागून या." भाकऱ्या त्या थापायच्या. दुपारी अभ्यासिकेत जायचीही गरज राहिली नाही, घरातच पंख्याखाली पाय पसरून मी वाचायची. पाच-सात दिवस मी नाही नाही म्हटलं. मग दमले. रोज रोज कोण डोकं फोडणार? आणि खरं सांगायचं तर मला आवडायला लागलं होतं. दुसरं पुस्तक संपलं, तिसरं संपलं, चौथं एका बैठकीत संपलं आणि मी रडले, कथेतल्या म्हाताऱ्यासाठी, घळघळा. आत्याबाईंनी बघितलं आणि अजून चार बदाम आणून दिले. म्हणाल्या, येतं मनावर दडपण, लई ताण घेऊ नको.

मुलगी हे सगळं बघत होती. तिनंही पुस्तकं उघडली होती. माझ्याच शेजारी पालथी पडून वाचायची, मधेच हसायची, नखं शाबूत. मला वाटलं, जिंकलं. मृगाला अजून आठवडा होता आणि माझं पाचवं पुस्तक निम्मं झालं होतं.

त्या दिवशी आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी लोणच्याच्या कैऱ्या पुसत बसल्या होत्या. त्यांनी नातीला हाक मारली. "इकडं ये गं, जरा फडकं धर." ती जागची हलली नाही. पुन्हा हाक. तिसऱ्या हाकेला पोरगी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आजी, मला नको बोलवू. माझी परीक्षा आहे."

आत्याबाईंच्या हातातली कैरी तशीच राहिली. चेहरा असा फुलला की काय सांगू. "कशाची गं बाई? शाळेची?"

"सांगत नसतात," पोरगी म्हणाली, आणि पान उलटलं.

ओकणाऱ्या पोरीला ज्या शब्दापासून मी उचलून लांब आणलं होतं, तोच शब्द तिनं आपणहून, मजेत, दाराला कडी लावावी तसा वापरला होता. आणि शिकवला कुणी? शाळेनं नाही, क्लासनं नाही. पंख्याखाली पाय पसरून बदाम खाणाऱ्या तिच्या आईनं. या घरात कुणी आपल्याला सुखानं वाचू द्यावं असं वाटत असेल तर परीक्षा आहे म्हणावं लागतं, एवढं तिनं नीट बघून घेतलं होतं.

मी पुस्तक घेऊन आत्याबाईंपाशी गेले आणि खाली बसले. म्हटलं, "आत्याबाई, माझी परीक्षा नाही. कधीच नव्हती. हिचीही नाही. मी लपवत नाहीये. ही कादंबरी आहे, ही वाचून मला कुणी काही देणार नाही, मी साहेब होणार नाही, काहीच होणार नाही. मला वाचावं वाटतं म्हणून मी वाचते."

या वेळी त्यांनी ओठावर बोट ठेवलं नाही. माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. त्यांना पटत चाललंय हे मला दिसत होतं, आणि ते बघणं सोपं नव्हतं.

"आरं देवा," त्या हळूच म्हणाल्या. "मग बदाम कशाला खाल्लेस गं माझे?"

त्यांनी हातातली कैरी खाली ठेवली.

"मी हदगावला समद्यांना सांगितलं."

"कुणाला सांगणार नाही म्हणाला होतात तुम्ही."

"आता काय सांगू त्यांना? सून नुसतीच बसती म्हणून?"

"वाचते म्हणून सांगा."

त्यांनी फडकं झटकलं, कैऱ्या टोपल्यात लोटल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. डोळ्यांत पाणी होतं का घाम, मला कळलं नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या आणि तिथून, महिनाभरात पहिल्यांदा, मला म्हणाल्या, "परीक्षा न्हाई तर मग ऊठ. चहा टाक."

मी अर्धवट उठलेही. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप ओट्याकडं वळतात. तेवढ्यात मुलगी दिसली. तिनं पुस्तक मिटलं होतं, मधे बोट ठेवून. ती माझ्याकडं बघून राहिली होती.

"हे प्रकरण संपलं की टाकते, आत्याबाई," मी म्हटलं आणि परत खाली बसले.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आत्याबाई माझ्या अंगावरून ओट्याकडं गेल्या, आणि भांडी अशी आदळायला लागली की वहिनींच्या गच्चीवरही ऐकू गेली असतील. पातेलं, झाकण, साखरेचा डबा, परत झाकण. मी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं होतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते आणि तिच्यातला एक शब्दही डोक्यात शिरत नव्हता, कान सगळे ओट्याकडं. पण मी उठले नाही.