बाबांच्या जेवणाचा टायमर

मंडळी, आज लालबागला आमच्या मसाल्याच्या दुकानात गेलो होतो. बिलाचा प्रिंटर बिघडला होता. बाबा गेल्यापासून गल्ल्यावर आई बसते.

तिथल्या कॉम्प्युटरवर मी मागे एक छोटा प्रोग्रॅम करून ठेवला होता. गिऱ्हाईक असलं की बाबा जेवण विसरायचे. म्हणून दुपारी टायमर वाजायचा आणि स्क्रीनवर चौकट यायची: 'बाबा, जेवून घ्या.' खाली एकच बटण, 'जेवलो'. बंद करायची फुली मुद्दाम ठेवली नव्हती. बटण दाबलं नाही, तर थोड्या वेळाने चौकट पुन्हा हजर. बाबा स्क्रीनवरच ओरडायचे, "जेवतो रे, किती मागे लागशील!"

आज प्रिंटर बघत असताना टायमर वाजला. तीच चौकट.

"आई, सॉरी गं. आत्ताच काढून टाकतो."

आईने माझा हात धरला. "नको रे. तां वाजला की मगे मी जेवतंय."

तिने डबा उघडला, चार घास खाल्ले. मग चष्मा लावून, माउसचा बाण कुठे आहे ते शोधून, बाबांच्या वतीने 'जेवलो' दाबलं.

टायमर थांबवायला कोडची एक ओळ पुरते. तुम्ही असता तर लिहिली असती?