माहिरा वकिलीण आणि तिचा वर्ग

माहिराचा आवाज लहानपणापासूनच बारीक. वडील जमाल कुवेतला नोकरीला. फोनवर ते म्हणायचे, "बेटा, जरा मोठ्यानं बोल, समुद्र ओलांडायचाय तुझ्या आवाजाला." बारावीनंतर तिनं वकील व्हायचं ठरवलं तेव्हा रोह्याच्या त्यांच्या मोहल्ल्यात सगळे हसले. जमाल मात्र हसले नाहीत. "कायद्याचं पुस्तक काय ओरडून वाचतात?" असं म्हणून त्यांनी तिची फी भरली.

वकील झाली आणि हैबतरावांच्या हाताखाली गेली. हैबतराव म्हणजे रोह्याच्या कोर्टातले बडे वकील. त्यांनी बाररूममधून चहाची ऑर्डर दिली की रिक्षा स्टँडवरची माणसं वळून बघायची. मनानं दिलदार, दावा कसा लिहायचा, साक्षीदार कसा तपासायचा, सगळं त्यांनी माहिराला हातचं न राखता शिकवलं. फक्त बोलू दिलं नाही. त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना स्वतःलाच बोलायला इतकं आवडायचं की दुसऱ्याची पाळी यायचीच नाही. माहिरा वर्षानुवर्षं कोर्टात उभी राहिली ती पुढची तारीख मागायला.

शेवटी तिनं विधी सेवा समितीच्या पॅनेलवर नाव घातलं. मोफत वकील मागणाऱ्यांची कामं तिच्याकडे येऊ लागली. पहिल्याच आल्या कृष्णाबाई. भावांनी वडिलांच्या शेतातला हिस्सा नाकारलेला, आणि जो भेटेल तो "मुद्द्याचं बोला" म्हणून गप्प करणारा. माहिरानं गप्प केलं नाही. कृष्णाबाई विहिरीबद्दल बोलल्या, वालाच्या पिकाबद्दल बोलल्या, आईच्या आजारपणाबद्दल बोलल्या. बोलता बोलता त्यांना आठवलं, की वडिलांनी हिश्शाचं बोलणं मामांसमोर केलं होतं, आणि मामा अजून ठणठणीत होते. मामांनी भाच्यांना समोर बसवलं, आणि निकालाआधीच भाऊ समेटाला तयार झाले. त्या थंडीत कृष्णाबाईंच्या शेतात पोपटी लागली, मडकं भरून वालाच्या शेंगा भाजल्या. मडक्यातल्या गरम शेंगा सोलताना माहिराला पहिल्यांदा वाटलं, आपण या कामासाठीच जन्माला आलो.

अशी काही वर्षं गेली. मग जिल्ह्याच्या कार्यालयातून फोन आला. पेणला मोफत काम करणाऱ्या वकिलांचं प्रशिक्षण आहे, नेतृत्व विकासाचं, आणि ते माहिरानं द्यायचं.

"मी? माईक बघितला की माझा आहे तो आवाजही जातो," ती म्हणाली.

"मग माईक ठेवत नाही," पलीकडचे साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

पेणच्या सभागृहात ती शिरली तर पहिल्याच रांगेत हैबतराव! वयाच्या साठीत त्यांनीही पॅनेलवर नाव दिलं होतं. पाठ करून आणलेलं भाषण माहिरा साफ विसरली. तिनं मुकाट्यानं दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या.

"आज वकिलानं बोलायचं नाही," ती म्हणाली. "पक्षकाराचं संपेपर्यंत ऐकायचं."

"मग त्याला वकील कशाला म्हणायचं?" हैबतराव गरजले. सभागृह हसलं.

"सर, तुम्ही पक्षकार व्हा. सासरच्यांनी घराबाहेर काढलेली सून."

हैबतराव काय, तयारच! काळा कोट पदरासारखा डोक्यावर घेऊन ते खुर्चीत बसले. वकील म्हणून समोर बसली दिशा, जिते गावची, नुकतीच सनद मिळालेली मुलगी. हैबतरावांनी आधी चेष्टाच केली. नाक ओढलं, मुसमुसले, सगळे पोट धरून हसले. दिशा हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "काल कुठं झोपलात?"

हैबतराव थांबले. उत्तर शोधू लागले. आणि शोधता शोधता त्यांचा आवाज खरंच उतरला. "देवळाच्या ओट्यावर," ते म्हणाले. "मुलगी विचारत होती, घरी कधी जायचं." बोलताना त्यांचे डोळे भरून आले.

त्याच वेळी दारात धरमतरकडची एक कोळीण उभी होती. नाव बायजा. मोफत वकील वर बसतात असं खाली कुणीतरी सांगितल्यामुळे ती जिना चढून आली होती. ती तडक हैबतरावांपाशी गेली. "रडू नको रे बाबा. घरातून काढलान तुला? आमच्या गावात ये. आमची एक खोली रिकामीच हाय."

सभागृहात जो हशा उसळला तो थांबेना. हैबतराव स्वतःच हसत उठले, कोट डोक्यावरून काढला आणि खुर्ची पुढे केली. "मावशी, मी खोटा. तुम्ही बसा."

बायजा बसली. दिशानं माहिराकडे पाहिलं. आता खरं काम, ते तुम्ही घ्या, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. माहिराचेही पाय पुढे निघालेच होते. पण ती वळली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

बायजा सांगू लागली. खाडीकाठी मासळी सुकवायला जायची बायांची वाट होती. एका ठेकेदारानं तिथं फाटक लावलं. आता डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून मोठा वळसा. दिशा ऐकत राहिली. हैबतरावांनी मध्येच तोंड उघडलं, तेव्हा माहिरानं आपल्या गुरूला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी निमूट मिटलं.

पुढचं सगळं दिशानं केलं. बायांबरोबर ती वाट चालून आली. समितीनं दोन्ही बाजूंना बोलावलं. माल चोरीला जातो, म्हणून फाटक, असं ठेकेदाराचं म्हणणं. मग बायांनीच सुचवलं, गाडीचं फाटक बंद ठेवा, माणसांपुरतं छोटं दार सोडा. लोक अदालतीत तशी तडजोड झाली. दार उघडलं त्या दिवशी बाया टोपल्या घेऊन, एकमेकींना ढकलत, खिदळत आत गेल्या, आणि दिशाही त्यांच्यात होती.

रोह्याचा पुढचा वर्ग माहिरानं दिशाकडे सोपवला. "मॅडम, सुरुवात कशी करू?" दिशानं विचारलं.

"मला नको विचारू. वर्ग तुझा आहे."

दिशानं खुर्च्या मांडल्याच नाहीत. सगळ्या वकिलांना बसमध्ये घालून ती धाटावच्या कारखान्यांपाशी घेऊन गेली, शिफ्ट सुटायच्या वेळेला. कामगार बाहेर पडू लागले तसे काळे कोट त्यांच्यात मिसळले. कुणी चहाच्या टपरीवर टेकलं, कुणी दुचाकीच्या सीटवर. हे आपल्याला कधी सुचलं नसतं, माहिराच्या मनात आलं, आणि तिला इतका आनंद झाला की शेजारच्या बाकड्यावरच्या कामगार बाईला सरकायला सांगून तीही बसली. "बोला ताई," ती म्हणाली, "काय चाललंय?"