बारमाही टायर

गाडीत बसण्याआधी आमचा शेजारी खाली वाकायचा आणि एकेक टायर अंगठ्यानं दाबून बघायचा, बाजारात पेरू दाबून बघतात तसा. त्या दिवशीही त्यानं चारही दाबले. मग आम्ही दोघं देशी किराण्याच्या दुकानात गेलो. मी मेथी घेतली, त्यानं वाटेत खायला चिवडा. दुसऱ्या दिवशी तो आमच्या या थंड गावातलं, नोव्हायचं घर सोडून लेकीकडे, दूर दक्षिणेत फ्रिस्कोला, कायमचा निघाला होता. तिकडे बर्फाची कटकट नाही.

असा शेजारी तुम्हीही पाहिला असेल, न विचारता शिकवणारा. हा नागपूरकडचा, मोटारींच्या कंपनीतून रिटायर झालेला इंजिनियर. मी सातवी पास, तीस वर्षं घाटात लाल बस चालवलेली. मुलानं आम्हा नवराबायकोला इकडे परदेशात आणलं. मला गाडी शिकवायला निघालेला हा पहिलाच माणूस, आणि सरळ सांगतो, तो मला कधी आवडला नाही.

पहिल्याच थंडीत त्यानं माझ्या गाडीला अंगठा लावला. "दादा, हे दगड झाले. विंटर टायर घाला."

मी म्हटलं, यावर ऑल सीझन लिहिलंय, सुनेनं वाचून दाखवलंय. ऑल सीझन म्हणजे बारमाही.

"बारमाही विहीर असते, दादा. टायर नसतो."

माझी बायको इतकी हसली की पायरीवर बसली. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती, मला आठवेना.

थंडीत रबर कडक होतं, रस्ता धरत नाही, विंटरचं मऊ राहतं, असं तो हातवारे करून सांगायचा आणि ती भाऊजी, भाऊजी करत ऐकायची. वर घरात येऊन मलाच शिकवायची, पुढच्या गाडीपासून लांब राहा, ब्रेक हळू दाबा. पन्नास माणसं घेऊन मी घाट उतरायचो, तेव्हा हे भाऊजी कुठे होते?

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मुलगा-सून कामावर, म्हणून न्यायचं-आणायचं माझ्याकडे. या देशात माझ्या हातात उरलेलं ते एकच काम.

रस्त्यावर बर्फ होता अशा एका सकाळी चौकातल्या स्टॉपच्या पाटीजवळ मी घाटातल्या सवयीनं ब्रेक दाब-सोड, दाब-सोड केला. गाडी थांबलीच नाही. आडवी फिरली आणि कुणाच्या तरी पत्रपेटीवर गेली. लागलं काही नाही. ती ओरडलीसुद्धा नाही. पण पुढच्या खेपेला पुन्हा बर्फ होता, आणि ती कोट घालून त्याच्या दारात उभी.

"तुम्ही टायर घाला, मी तुमच्या गाडीत बसते," मला एवढंच म्हणाली.

मी नाही घातले. दोन हिवाळे नाही घातले. बर्फ पडला की तो तिच्यासाठी दार उघडून धरायचा, गाडी बैलगाडीच्या चालीनं काढायचा, आणि मी खिडकीतून बघायचो. तिसऱ्या हिवाळ्यात टायर घालीन म्हणत होतो. ती दिवाळीच्या आधीच गेली.

तर त्या दिवशी दुकानातून परत येताना मी त्याला विचारलं. पाच महिने घशात अडकलेलं होतं.

"गाडीत तुमच्याशी काय बोलायची हो ती?"

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "काही नाही, दादा. वहिनी झोपायच्या. कोपरा वळलो की डोळा लागायचा, तो थेट दवाखान्यापर्यंत."

बोलली असती तर मी सोसलं असतं. माझ्या शेजारी गाडीत ती एकदाही झोपली नाही. दाराची कडी धरून समोर बघत बसायची. मला वाटायचं, माझं चालवणं बघतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची टॅक्सी आली, तेव्हा मी बाहेर गेलो नाही. पडदा ओढून बसलो. शनिवार होता, सून घरी होती. टॅक्सी वळल्याचा आवाज आला आणि मी तिला म्हटलं, चल, विंटर टायर घालायचेत.

"बाबा, मार्च संपत आला. आता कोण घालतं?"

दुकानदारही हसला. मी चारही घालून घेतले.

बाहेर पडलो तर भुरभुर बर्फ सुरू झाला होता. मी किल्ली सुनेला दिली आणि पलीकडच्या सीटवर बसलो. पट्टा लावला, डोळे मिटले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, बाबा, बरं वाटत नाहीये का? झोप लागते का, ते बघत होतो.